दोन दगडाबाई

साळूबाई कुणाच्या बापाला भीत नाय, असं गल्लीतली माणसं छातीठोक सांगायची. साफ खोटं! दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना ती लई भ्यायची. औरंगाबादेतल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, ती अकरा वर्षं आया होती आणि अजून नोकरी कच्चीच. एकदा मधेच काहीतरी सांगायला गेली तर डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले होते, "तुझं काम फरशी पुसायचं!" तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूपच घातलं.

अठ्ठ्याहत्तर साली वॉर्डात एकाच वेळी दोन दगडाबाई आल्या. आता आमच्याकडं आधीची लेकरं दगावली की पुढचीचं नाव दगडाबाई ठेवतात, म्हणून दोन निघाल्या तर नवल काय? एक पाचोडची, त्रिंबकची बायको. दुसरी देवगाव रंगारीची, कडूबाची. दोघींच्याही अंगातलं रक्त लई गेलेलं.

सकाळी नव्या सिस्टर रक्ताची बाटली घेऊन पाचोडवालीच्या खाटेशी आल्या. बाटलीवर 'दगडाबाई कडूबा' लिहिलेलं. डॉक्टर सुई घेऊन उभेच होते.

"नवऱ्याचं नाव कडूबा ना?" सिस्टरनं विचारलं.

बाईनं तापातच पदर पुढं ओढला अन् मान हलवली.

फरशी पुसणाऱ्या साळूबाईनं झटकन वर पाहिलं. अगं माय! ही व्हय थोडीच म्हणली? धन्याचं नाव जन्मात न घेणारी बाई ती, धन्याची गोष्ट निघाली की लाजून मान हलवायची, मग नाव कुणाचंही असो. तिचा त्रिंबक कालच साळूबाईला हात जोडून म्हणला होता, "मावशे, माझ्या दगडीला सांभाळ."

बोलावं तर नोकरी जायची. घरात खाणारी चार तोंडं. न बोलावं तर? भलतं रक्त चढून एक बाई थरथरत गेलेली तिनं या डोळ्यांनी पाहिली होती. हातातलं फडकं गळून पडलं. डॉक्टरांनी दंड धरला, सुई टेकली.

"साहेब, थांबा! ही कडूबाची नाय!"

डॉक्टर गर्रकन वळले. डोळे लालबुंद. संपली आपली नोकरी, साळूबाईला वाटलं. पण तिचं तोंड आता थांबेना, "त्रिंबकची हाय ओ ही! कडूबाची तिकडं, खिडकीपाशी!"

डॉक्टरांनी केसपेपर ओढला, बाटली पाहिली, पुन्हा केसपेपर पाहिला. दोघींचे रक्तगट वेगळे होते. सिस्टर रडायलाच लागल्या. डॉक्टरांनी बाटली खाली उतरवली.

"मावशी," ते म्हणाले, "पुढंही माझं चुकलं तर असंच ओरडायचं."

साळूबाईनं पडलेलं फडकं उचललं. "नाय जमायचं, साहेब. आज मी ओरडले, उद्या भ्याले तर बाई मरंल. सुई टोचायच्या आधी तुम्हीच आम्हाला इचारत जावा."