सेलूच्या बाजारात मी दारू अडवली!

आधी कबूल करा की हसणार नाही, मग चहा घ्या. घरात पाहुणा आला की आमची मंडळी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात आणि लगेच हा किस्सा सुरू करतात. म्हटलं, फजिती माझी आहे, तर निदान माझ्या तोंडून तरी ऐका!

निजामाचं राज्य होतं. सेलूच्या बाजारात माझं किराणा दुकान, मागे घर. आम्ही लिंगायत. रस्त्यात दारूचा वास आला तरी घरी येऊन आंघोळ करणारी माणसं. आणि एक दिवस बाजारात बातमी फुटली. समोरच्या किसनशेटला किराणा दुकानातच विलायती दारू विकायचा परवाना मिळणार! कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या साहेबांना म्हणे बाटलीसाठी परभणी गाठावी लागते.

सगळे दुकानदार माझ्या ओट्यावर जमले. भांडण काय विचारता!

"साहेब लोक पितेत, पिऊ द्या की. सिंधीखान्यात ताडी पिऊन लोळन्यापरीस पुडी बांधून घरी नेलेली बरी," एक म्हातारा म्हणाला.

"अन् बायका हिंग-जिरं घ्यायला आल्या तर बाटल्यांकडं बघत उभं ऱ्हायाचं का?" मी ओरडलो. "आज बाटली ठेवील, उद्या सिंधीचा माठ ठेवील!"

माझं खरं दुखणं वेगळंच होतं हो. माझ्या लेकीचं, गंगूचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा जिंतूरचा. त्याचे वडील मल्लाप्पा इतके कडक की ज्या घरात विडी ओढतात तिथं पाणी पीत नाहीत. सोमवारी ते यादी करायला, म्हणजे देणंघेणं आणि तिथी कागदावर लिहून पक्कं करायला येणार होते. आणि दारासमोर दारूचं दुकान दिसलं तर? गंगू घरातच राहणार!

"तहसिलात अर्ज देऊ," मी म्हणालो.

"उर्दूत बोलाया लागल. वकिलाला घिऊन जावा," कुणीतरी सुचवलं.

आणि इथं माझी जीभ घसरली. "वकील कशाला? मी हाय की! मला उर्दू येतं."

येत होतं काय? गिऱ्हाइकांशी भाव करण्यापुरती दखनी बोली यायची. वाचायच्या नावानं शून्य! पण एकदा बोलून गेलो, मग माघार कशी घेणार? काशीबाईनं, माझ्या बायकोनं, आतून विचारलंच, "खरंच येतं का वो?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती चुलीकडे वळली.

अर्जनवीसाकडून झकास अर्ज लिहून घेतला आणि फेटा बांधून तहसीलदार साहेबांपुढे उभा राहिलो. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, अर्ज वाचला. मग साहेब बोलायला लागले. काय ती उर्दू! एकेक शब्द अत्तरात बुडवून काढलेला. मला कळले तीन, "किराणा", "शराब" आणि "इजाजत". साहेब थांबले, माझ्याकडे बघितलं. प्रश्न असणार!

"जी हुजूर," मी म्हणालो.

साहेबांनी भुवया वर केल्या. पुन्हा काहीतरी विचारलं.

"जी हुजूर! मेहरबानी हुजूर!"

साहेब हसले, पेशकार हसला, मीही हसलो. दाखवलं तिथं सही ठोकली. दोन दिवसांनी शिक्क्याचा कागद हातात पडला. पेशकार म्हणाला, "मुबारक हो!"

बाजारात मी पेढे वाटले. लोकांनी मला हार घातला. किसनशेटनं मान खाली घातली. सुताराकडून कागदाला चौकट करून घेतली आणि दुकानाच्या भिंतीवर चार खिळ्यांनी पक्की ठोकली. रोज सकाळी कुंकू वाहायचो!

सोमवार उजाडला. घरात पुरणाचा वास, गंगू नव्या लुगड्यात. मी ओट्यावर पाहुण्यांची वाट बघत उभा. तेवढ्यात नाक्यावरचा हवालदार आला.

"रेवाप्पा सेठ, माल कब आरा? साहब दो बोतलाँ अलग रखो बोले."

"कौनसा माल?"

त्यानं भिंतीकडे बोट केलं. "वो क्या लगाए फिर? बड़े हरफों में लिखा है ना! विलायती शराब बेचने की इजाजत, रेवाप्पा किराणेवाले के नाम!"

मी त्याचा हातच धरला. "मैं तो मना करने गया था!"

"साहब पूछे, उसको नक्को तो तुमको देना क्या? तुम बोले, जी हुजूर!"

आणि त्याच क्षणी दारात जिंतूरची बैलगाडी थांबली.

हवालदाराला कसाबसा वाटेला लावला आणि चौकट ओढायला लागलो. निघेना! सुतारानं कधी नव्हे ते काम इमानदारीनं केलं होतं. शेवटी खांद्यावरचं उपरणं चौकटीवर टाकलं आणि घाम पुसत वळलो, तर मल्लाप्पा आत!

"लय नाव ऐकलंय तुमचं, पाव्हणं," ते म्हणाले. "दारू अडवली म्हनं तुमी. कुठं हाय तो हुकूम?"

"आधी जेवून घेऊ की. पुरन निवायलंय."

"निवू द्या." त्यांनी स्वतःच्या हातानं उपरणं काढलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आणि चष्मा लावला.

बोट चौकटीवर टेकलं. दारातून गंगू बघत होती. पोरीचं सगळं आयुष्य त्या बोटाखाली होतं आणि ते तिथं नेऊन ठेवणारा मी, तिचा बाप! इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पण थांबा. मल्लाप्पांचं बोट डावीकडून उजवीकडे सरकत होतं!

अहो, उर्दू उजवीकडून वाचतात. एवढं तर मलाही ठाऊक होतं! म्हणजे पाहुणेही माझ्याच वर्गातले!

"वा!" मल्लाप्पा मान डोलावत म्हणाले. "काय कडक हुकूम लिवलाय!"

मला हसू आवरेना. सुटलो! पण कसला सुटतोय?

"आमच्या जिंतुरातबी हाच घोळ चाललाय," मल्लाप्पा पुढे म्हणाले. "ही चौकट द्या मला. उद्याच तिथल्या तहसीलदारापुढं ठिवतो अन् म्हनतो, आमच्या व्याह्यासारखा हुकूम आमालाबी द्या!"

आता? कागद दिला, तर व्याह्याची भर कचेरीत शोभा होणार आणि लग्न मोडणार. नाही दिला, तर का नाही म्हणून विचारणार. मी गंगूकडे बघितलं आणि खाली बसलो.

"पाव्हणं, हा बंदीचा हुकूम न्हाई. दारू विकायचा परवाना हाय. माझ्याच नावाचा. मला उर्दू वाचता येत न्हाई."

मल्लाप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्यासोबत आलेला त्यांचा भाऊ उपरण्यात तोंड खुपसून हसायला लागला. "दादा, तुमी तर आत्ता वाचला की!"

मल्लाप्पांचे कान लाल झाले. मला रागावावं, तर स्वतः काय वाचलं ते सांगावं लागणार! शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "परवाना उद्या वकील घिऊन परत करा. लेक आमची झाली. पन यादीवर तुमची सही नगं."

"मग कुणाची?"

"विहीणबाईंचा अंगठा घेऊ. त्यांच्यावर इस्वास हाय."

कागद आत गेला. काशीबाईला अक्षरओळख नाही हो, बाराखडीसुद्धा नाही. तिनं पदराला हात पुसले, शाई लावलेला अंगठा वरच धरला आणि म्हणाली, "आधी वाचून दावा. अन् ह्यांनी नगं, दुसऱ्या कुनीतरी."