अंबूबाईंचा हातगुण

आनेकलच्या बसस्टँडमागच्या गल्लीत अंबूबाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. वर्षातून दोन-तीनदा त्या घरासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबते. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "अक्का, नवीन बस आलीय. मालकांनी बोलावलंय." अंबूबाई कुंकू नीट करतात, पदर सारखा करतात आणि मागच्या सीटवर जाऊन बसतात. शेजारणी म्हणतात, केवढा हा मान! अंबूबाई हसतात. आत मात्र त्यांचा जळफळाट चाललेला असतो.

'वेदगंगा ट्रॅव्हल्स'ची एकही नवी बस अंबूबाईंनी ओवाळल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. कंपनी त्यांच्या धाकट्या दिराची, वासुदेवची. हातगुण तेवढा यांचा.

पहिली बस आली तेव्हा कंपनी वगैरे काही नव्हतं. निपाणीकडच्या खेड्यातून आलेले दोघे भाऊ आणि त्यांनी मिळून घेतलेली एक जुनी बस. थोरले दयानंद बस चालवायचे, वासुदेव दारात उभा राहायचा. के. आर. पुरम स्टेशनवर उतरलेल्या कामगारांना आनेकलकडच्या कारखान्यांत पोचवायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, एवढाच धंदा. बसला ओवाळायला घरात बाई एकच, दयानंदांची नवी नवरी. अंबूबाई निपाणीच्या कॉलेजात बी.ए. झालेल्या. चाकांखाली लिंबं ठेवताना त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या होत्या, "लिंबांचं राहू द्या, ब्रेक तेवढे बघून घ्या."

ब्रेकांनीच एक दिवस दगा दिला. अत्तिबेलेच्या अलीकडे उतारावर बस घसरत गेली आणि पुलाच्या कठड्याला टेकून थांबली. आतल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. वासुदेव गावभर सांगत सुटला, "वहिनींचा हातगुण! नाहीतर सगळे खाली गेलो असतो." आणि वहिनी तान्ह्या सुरजला मांडीवर घेऊन घरात हटून बसल्या होत्या. "मला तुमचा धंदा नको नि पैसा नको. संध्याकाळी माणूस घरी यायला पाहिजे." अन्न सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी दयानंदांनी वाटा सोडला आणि ते एका कारखान्यात नोकरीला लागले.

वासुदेवनं भावाचा वाटा चोख दिला. त्यातूनच या दोन खोल्या झाल्या. त्यानं फसवलं असतं तर बरं झालं असतं, असं अंबूबाईंना पुढे कितीदा वाटलं. निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग बस वाढत गेल्या. कारखाने वाढले, तशा त्यांच्या पाळ्यांना बस लागल्या. सर्जापूर रोडला एकामागून एक इमारती उठल्या आणि तिथली संगणकवाली पोरं वासुदेवच्या बसमधून ऑफिसला जाऊ लागली. प्रत्येक वेळी अंबूबाईंनी केळीचे खुंट बांधलेल्या, हार घातलेल्या नव्याकोऱ्या बसला ओवाळलं, कोहळा फोडून घेतला, साडी आणि नारळ घेतला आणि परत आनेकलला आल्या. आलेली साडी त्या कधी लगेच नेसत नसत. मग करोनाच्या काळात सगळ्या बस डेपोत एका जागी उभ्या राहिल्या, टायरांभोवती गवत वाढलं. तेव्हा अंबूबाईंना फार शांत झोप लागे. स्वतःची लाज वाटायची, पण झोप लागायची. पुढे ऑफिसं घरातूनच चालू लागली, तेव्हा आता हा बुडाला असं त्या धरून चालल्या होत्या. वासुदेवनं त्याच बस विकून रात्रीच्या स्लीपर बस घेतल्या आणि बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या फेऱ्या सुरू केल्या. पांढरी गाडी पुन्हा दारात येऊ लागली.

त्यांचा खरा राग होता जावेवर, भाग्यलक्ष्मीवर. चिक्कोडीची पोर, दहावी झालेली. आता घराला लिफ्ट, हातात दोन फोन, आणि सगळे ड्रायव्हर तिच्यापुढे "सरी अक्का, सरी अक्का" करत माना डोलवत उभे. ती लग्न होऊन आल्यावर एकदा अंबूबाई माहेरी होत्या म्हणून नव्या बसला तिनं ओवाळलं होतं. आठवड्याच्या आत त्या बसचं इंजिन बसलं. तेव्हापासून वासुदेवनं तिच्या हातात आरतीचं तबक दिलं नाही. अंबूबाईंना हे आठवलं की जरा बरं वाटे.

पण गेल्या वर्षी सुरजनं नोकरी सोडली आणि तो काकांच्या ऑफिसात जाऊन बसला. भाग्यलक्ष्मीला मूलबाळ नाही. सुरज दुपारी तिच्याकडेच जेवायला लागला. एकदा घरी ताटावर बसून म्हणाला, "काकूंच्या आमटीला काय चव असते, आई!" अंबूबाईंनी आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

"अगं, पोरानं आमटी चांगली म्हटली, काकूला आई नाही म्हटलं," दयानंद म्हणाले.

"तेही म्हणेल. नवरा ओढून काढला मी त्या बसमधून, आता पोरगा नेला त्यांनी."

"ओढून काढलास म्हणून तर बसलोय इथं, आमटीची वाट बघत."

सुरजच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती, दिवसा धावणारी निपाणी बस. "रात्रीच्या प्रवासाला घाबरणारी माणसं खूप आहेत, आई. तुझ्यासारखी." सकाळी निघायचं, उजेडात पोचायचं. वासुदेवनं त्यासाठी नवी बस घेतली. पहिल्या फेरीला सुरज स्वतः जाणार होता.

आदल्या दिवशी दिराचा फोन आला. "वहिनी, उद्या पहाटे गाडी पाठवतो."

"नको. माझा हात दुखतोय."

"म्हणजे? बस कशी काढू मग?"

"बायको आहे की तुमची. तिला सांगा." अंबूबाईंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण वरचढ ठरल्यासारखं वाटलं. आता बस निघणारच नाही, सुरजही जाणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

पहाटे सुरज आवरून निघाला. "काकू ओवाळणार आहेत. तू झोप."

तो गेला आणि अंबूबाईंनी उठून चहा ठेवला. लिंबानं बस वाचत नाही, हे त्यांना कळत होतं. पण भाग्यलक्ष्मीनं ओवाळलेली बस, आणि त्या बसमध्ये सुरज! चहा गॅसवर तसाच टाकून त्या बाहेर पडल्या. "कुठं?" म्हणून दयानंदांनी विचारलं तेव्हा त्या रिक्षात बसलेल्या होत्या.

सर्जापूर रोडच्या डेपोत बस सजून उभी होती. आत प्रवासी बसले होते, सुरज दाराच्या पायरीवर, आणि समोर भाग्यलक्ष्मी तबक घेऊन.

"आल्या! मी म्हणत नव्हतो?" वासुदेव ओरडला. "वहिनी, लवकर घ्या, उशीर झालाय."

अंबूबाईंनी तबकाला हात घातला. भाग्यलक्ष्मीनं ते सोडलं नाही.

"अक्का, आज मला करू द्या."

"सोड, भाग्या."

"तुम्ही काल नको म्हणालात, तेव्हा मला किती आनंद झाला, सांगू?" तिचा आवाज खाली होता, पण हात घट्ट. "सगळे म्हणतात, एवढ्या बस तुझ्या. एकीलाही मला हात लावता येत नाही. गाडी पाठवून तुम्हाला आणायचं, साडी द्यायची आणि मी मागे उभं राहायचं. ड्रायव्हर काय बोलत असतील माझ्या पाठीमागं? तुमचा माणूस संध्याकाळी घरी येतो. तुम्हाला पोरगा आहे. वर हातगुणही तुमचाच. मला जळायला आणखी काय पाहिजे?"

अंबूबाई बघतच राहिल्या. आग फक्त आपल्याच घरात आहे, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. दुसरी कुठली बस असती तर त्यांनी त्या क्षणी तबक सोडलं असतं. पण पायरीवर सुरज उभा होता.

"सुरज खाली उतरू दे," त्या म्हणाल्या. "मग ओवाळ तुला हवं तितकं."

वासुदेवनं मान खाली घातली. भाग्यलक्ष्मीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी उतरणार नाही," सुरज म्हणाला. "काकू, ओवाळा. लोक खोळंबलेत."

अंबूबाईंचा हात आपोआप सुटला. भाग्यलक्ष्मीनं ओवाळलं. ज्योत दोनदा वाकली, विझली नाही. अंबूबाईंची नजर ज्योतीवरून हलली नाही. ड्रायव्हरनं बस पुढे घेतली, लिंबं चिरडली, कोहळा फुटला. आणि दार लागणार तेवढ्यात अंबूबाई निऱ्या उचलून बसमध्ये चढल्या.

"आई! निपाणीला संध्याकाळ होईल."

"मला सांगू नकोस. माझं माहेर आहे ते."

"कपडे?"

"माहेरी काय साड्या नसतात?" त्या पुढच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

भाग्यलक्ष्मी खिडकीखाली आली. डोळे पुसलेले, पण आवाज मालकिणीचा. "अक्का, ती सीट बुक झालीय. मागं जावा."

"हुकूम का?"

"हुकूमच."

अंबूबाई उठल्या आणि थेट शेवटच्या रांगेत गेल्या, जिथे सगळ्यात जास्त धक्के बसतात. बस डेपोबाहेर पडली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बस सुखरूप पोचली, तर हातगुण आजपासून भाग्यलक्ष्मीच्या नावावर जाणार. हे त्यांना सलायला लागलं, चांगलंच सलायला लागलं. त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी पकडली आणि मागूनच ओरडल्या, "सावकाश घ्या हो, ड्रायव्हर अण्णा! बस पोचायला पाहिजे."