अप्पांची गाडी, दाजींचं सामान

आमच्या दाजींइतका पान्या-पकडींवर जीव लावलेला माणूस औराद तालुक्यातच काय, बीदरपासून पार हैदराबादपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. धंदा बी-बियाणं आणि खतांचा, दुकान औरादच्या बाजारात. पण गिऱ्हाईक तुरीचं बियाणं मागत असायचं आणि दाजींचे कान कुरिअरवाल्याच्या मोटारसायकलीकडे लागलेले असायचे. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची, अप्पांची, जुनी अँबॅसडर उभी होती, आणि जुन्या गाड्यांसाठी जगात कुठेही एखादं नवं अवजार निघालं की ते आपल्या शेडमध्ये यायलाच हवं, अशी दाजींची ठाम समजूत होती. खोकं आलं की ते आधी हातपाय धुवून यायचे, मग ब्लेडने चिकटपट्टी कापायचे, आतला कागद चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, आणि मगच वस्तूला हात लावायचे. अक्का दारातून बघत म्हणायची, "लेकरं झाली तवा दवाखान्यात एवढं वाकून बघितलं न्हाई यांनी."

त्यांच्याकडे बोटाएवढा जाड, लांब वळवळणारा एक कॅमेरा होता. तो इंजिनाच्या भोकातून आत सोडला की आतली सगळी दुनिया मोबाइलवर दिसायची. तो आला त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाजींनी इंजिनाचं पोट दाखवलं. ठाणाकुशनूर गावचे एक म्हातारे शेतकरी बराच वेळ त्या काळ्या गोल भिंती बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बोअर लई खोल गेलाय सावकार. पाणी लागलं का?" पुढे तो कॅमेरा शाळेच्या पाइपात अडकलेल्या मांजराच्या पिलासाठी गेला, शेजारच्या गुरुजींची दाढ बघायला गेला, गुरुजी नको नको म्हणत असताना गेला. दुसरा होता तो बोल्ट पुरेसा आवळला की 'कट्' असा आवाज करणारा पाना. त्या आवाजाचं दाजींना व्यसनच लागलं. घरातल्या खाटा, कुकरचे कान, दुकानाची पाटी, सगळ्यांतून एकदा 'कट्' काढून झालं. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला ते हा पाना पिशवीत घालून बसने आले आणि ऐन ओटी भरताना टेबलाखाली शिरून त्याचे पाय आवळू लागले. मुलाकडच्या मंडळींना वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनी टेबलाला हळदकुंकू लावलं.

अवजार कुणाला द्यायचं नाही असा त्यांचा नियम नव्हता. अवजाराबरोबर स्वतः जायचं एवढाच नियम होता. त्यामुळे गावात कुणाचाही ट्रॅक्टर बिघडला की तिथे दाजी हजर. आणि त्यामुळेच शेडमधली गाडी काही पुरी होत नव्हती.

ही गाडी साधी नव्हती. अप्पांनी तिच्यावर उभं आयुष्य काढलं होतं. औराद ते बीदर भाडं मारायचं, लग्नसराईत नवऱ्या पोचवायच्या. माझी बहीणही त्याच गाडीतून सासरी आली. त्याच कमाईवर अप्पांनी मुलाला दुकान घालून दिलं, पण स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. "तू दुकान बघ, ड्रायव्हरकी माझ्यासंगं संपू दे," म्हणायचे. पुढे गुडघे गेले आणि गाडी त्यांच्या ठाणाकुशनूरच्या शेतात उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तेव्हा एक दिवस दाजींनी ती ट्रॅक्टरला बांधून औरादला आणली आणि जाहीर केलं, "अप्पा परत चालवणार. गुडघ्याला जोर लागू नये असं सगळं नवं बसवतो."

आणि खरंच बसवलं. हलका क्लच, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग, पायाचा नुसता स्पर्श झाला की धरणारे नवे ब्रेक, थंडीतही एका किल्लीत चालू होणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पांढरेशुभ्र दिवे. अप्पा दिवसभर शेडमध्ये खाटेवर बसून असायचे. प्रत्येक नवी वस्तू दाजी आधी त्यांच्या हातात द्यायचे. अप्पा ती उलटीसुलटी करून बोटांनी चाचपायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "चांगली हाय. बसव." दाजी मला कौतुकाने सांगायचे, "बगा, नुसत्या हाताला कळतंय त्येंना. बघावं सुद्धा लागत न्हाई."

अखेर गाडी झाली. मी त्या रविवारी मुद्दाम गेलो होतो. दाजींनी सकाळीच ती शेडबाहेर ढकलून घेतली, हार घातला, नारळ फोडला. अप्पा धुतलेलं धोतर नेसून, भांग पाडून आले. दाजींनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. अप्पा दाराला धरून तिथेच थांबले.

"बसा की अप्पा. गुडघ्याला काय बी होत न्हाई आता."

"गुडघ्याचं न्हाई रे," अप्पा म्हणाले. "मला दिसंना."

दाजींना वाटलं, काच पुसायची राहिली. ते फडकं घेऊन पुढे झाले.

"काच ऱ्हाऊ दे. डोळ्यालाच दिसंना. सावल्या तेवढ्या दिसतेत."

"कवापासून?"

"झालं की लई दिस. तू गाडी आणल्यावर दुसऱ्या पावसाळ्यापसून कमी कमी होत गेलं."

दाजींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मग सांगितलं न्हाई कामून?"

अप्पा अगदी साधेपणाने म्हणाले, "तू रोज एकेक वस्तू आणून हातात द्यायचास. शेजारी बसून समजून सांगायचास. दिसत न्हाई म्हणलं असतं, तर गाडीचं काम बंद केलं असतंस. मग कशाला बसतोस माझ्यापाशी?"

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. शेवटी मीच स्टिअरिंगवर बसलो, अप्पांना शेजारी बसवलं, दाजी मागे. ठाणाकुशनूरपर्यंत जाऊन आलो. अप्पा खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेत होते आणि मधूनच, "आता डाव्या अंगाला पिंपळ आला असंल," असं म्हणत होते. तो पिंपळ रस्ता रुंद करताना तोडला होता. "व्हय, आला," दाजी मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दाजी त्यांना बीदरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकत गेली आहे. आधी आणलं असतं तर होती ती नजर राखता आली असती, गेलेली आता परत येत नाही. परतताना बसमध्ये दाजी रडले, असं अक्काने मला नंतर सांगितलं. अप्पांना दिसलं नाही, पण कळलं असणार, कारण औराद येईपर्यंत त्यांनी मुलाचा हात सोडला नव्हता.

त्यानंतर दाजी गाडी शिकले. त्या वयात, बाजार नसलेल्या दिवशी, मोकळ्या मैदानात. शेजारी अप्पा. मास्तरला दिसत नाही आणि विद्यार्थ्याला जमत नाही, असं ते शिक्षण बघायला आठवडाभर गर्दी व्हायची. दाजींनी एकदा गाडी कडब्याच्या गंजीत घातली. अप्पांनी हाताला लागलेला कडबा चाचपला आणि विचारलं, "कुणाच्या शेतात आलाव आपण?" त्या दिवसांत दोघं जेवढे हसले तेवढे आधी कधी हसलेले अक्काने पाहिले नव्हते. पण ते दिवस फार टिकले नाहीत. थंडीत अप्पांना दम लागू लागला आणि संक्रांतीच्या आतच ते गेले.

परवा काही कामासाठी मी दाजींबरोबर त्याच गाडीतून बीदरला गेलो. दाजी आता चांगली चालवतात, जरा हळू. काम लवकर आटोपलं तरी ते परत निघेनात. बसस्टँडजवळ गाडी लावून म्हणाले, "अप्पा सकाळी इथं गिऱ्हाईक सोडायचे आन् सांजच्याला परत भरून आणायचे. मधी दिवसभर कुठं बसत असतील? जेवत कुठं असतील? इतकी वर्षं शेजारी बसलो, सगळं बोललो ते नट-बोल्टाचं. हे इचारायचंच ऱ्हायलं."

आम्ही एका जुन्या हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला. पैसे देताना दाजींनी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "अण्णा, औरादचा एक ड्रायव्हर यायचा का हितं? उंच, पांढरं धोतर?"

म्हातारा म्हणाला, "लई ड्रायव्हर यायचे, बाबा."

दाजींनी मान हलवली. उरलेले पैसे खिशात टाकले, आणि ते शेजारच्या हॉटेलाची पायरी चढले.