गोजराचा दुसरा माज

करावे गावात गिरजाबाई तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. सुकटीच्या मापात कुणी हात मारला की ती त्याच्या आज्या-पणज्यापर्यंत जाऊन यायची. मूळची मंडणगडकडची. लग्न करून आली ती थेट इथंच, एका आगऱ्याच्या पडवीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत. नवरा गंगाराम बेलापूरला कामाला होता. तिथं खाडीकाठचं खाजण भरून सरकारी ऑफिसांच्या इमारती उठत होत्या, आणि हा कंत्राटदाराच्या गोदामावर राखणीला. माणूस असा मुखदुर्बळ की घरात आहे की नाही ते दाराशी चपला बघून ठरवायचं.

गिरजाबाई जवळा, सुकट, बोंबील घ्यायची, निवडायची, वाळवायची आणि टोपली डोक्यावर घेऊन विकायची. खोलीचा अर्धा भाग पोत्यांनी भरलेला. आता अशा घरात उंदीर नाही येणार तर कोण येणार? सापळे झाले, औषध झालं, एक मांजर झालं. मांजरानं उंदीर सोडले आणि बोंबील धरले. गिरजाबाईनं त्या मांजराला दिलेल्या शिव्या शेजारच्या शेवंताबाईला पुढं कितीतरी दिवस पाठ होत्या.

चौऱ्याऐंशी साली गिरजाबाईचा भाऊ सिताराम बोटीवरून सुट्टीला आला. बोटीच्या भटारखान्यात कामाला होता तो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातून त्यानं एक जनावर आणलं. हातभर लांब, पिवळसर अंगाचं, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पाय इतके आखूड की देवानं शेवटी आठवण झाल्यावर लावले असावेत.

"ताय, ह्याला फेरेट बोलतात," सिताराम म्हणाला. "मुंगसाचा भाऊबंद समज. आमच्या बोटीवरचे उंदीर हिनंच संपवले."

"हिनं?"

"मादी हाय. जोडी होती. नर वाटेत मेला."

"अन् वास केवढा मारते रे ही."

सितारामानं नुसतं पोत्यांकडं बघितलं. गिरजाबाई हसली. खरंच, त्या घरात वासाचं कुणी काय सांगावं.

नाव पडलं गोजरा. उंदीर महिन्याभरात पळाले ते पळालेच. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच झाली. गंगाराम बोलायला लागला. बायकोशी नव्हे हो, गोजराशी. संध्याकाळी कामावरून आला की ती त्याच्या बाहीतून शिरायची आणि गळ्याशी तोंड काढून बसायची, आणि हा बाबा तिला दिवसभराचं सगळं सांगायचा. आज सिमेंटचा ट्रक कळंबोलीला अडकला, आज मुकादम घसरून पडला. गिरजाबाई चुलीशी पाठ करून ऐकायची. नवऱ्याच्या आयुष्यात काय चाललंय हे तिला त्या जनावराच्या निमित्तानं कळायला लागलं, आणि तिला त्याचं फार बरं वाटायचं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

आता हे दोघं असे का झाले होते, ते सांगायला हवं. शहात्तर साली मुकादमानं सगळ्या गड्यांना बजावलं, नसबंदीचा दाखला आणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. गंगाराम गेला. बायकोला विचारलं नाही, सांगितलंही नाही. संध्याकाळी भिंतीला धरून चालत घरी आला तेव्हा तिला कळलं. एकुलता एक कान्हा तेव्हा चार वर्षांचा, अंगणात भोवरा फिरवत होता. दुसऱ्याच वर्षी कावीळ झाली आणि कान्हा गेला. घरात पुन्हा पाळणा हलायची आशा उरली नाही.

शेवंताबाईला वाटलं होतं, आता गिरजाबाई नवऱ्याला उभा चिरणार. मापाच्या दोन मुठींसाठी बाजार डोक्यावर घेणारी बाई ती. पण ह्या बाबतीत तिनं चकार शब्द काढला नाही. भाकरी वाढली, पाणी दिलं, कामावर जाताना डबा दिला. गंगारामाला वाटायचं, हिनं दोन थोबाडीत द्याव्यात. तिनं तेही सुख त्याला दिलं नाही. मग त्याचीही वाचा बसली, आणि घर तसंच चालत राहिलं.

तर गोजराकडं वळू. पंच्याऐंशी साली थंडी सरली, दिवस मोठे व्हायला लागले, तसं गोजराचं वागणं बदललं. खाईना, झोपेना, सारखी दाराशी घुटमळायची, आणि शेपटीखालची जागा सुजून लाल झाली. गिरजाबाई घाबरली. टोपलीत घालून, वर ओला फडका टाकून तिनं गोजराला बेलापूरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डॉक्टर स्मिता नव्यानंच आलेली, तरुण, पण मन लावून बघणारी. तिनं आधी सरळ सांगितलं, असलं जनावर मी पुस्तकाबाहेर पाहिलेलं नाही. मग परळच्या गुरांच्या कॉलेजातल्या आपल्या जुन्या सरांना फोन केला, जाड पुस्तक काढलं, आणि समजावून सांगितलं.

"मावशी, ही माजावर आलीय. गाय माजावर येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. हिचं तसं नाही. दिवस लांबला, उजेड वाढला की हिला माज येतो, आणि नर मिळेपर्यंत तो उतरतच नाही. तसाच अंगात राहिला तर हिचं रक्त तयार व्हायचं थांबतं. त्यानं ही मरेल."

"अगं बाय. आता हिला जावई कुठून आनू मी? सगळ्या हिंदुस्थानात हिचा जातवाला नसंल."

डॉक्टरीणबाई हसली. तिनं सरांना विचारून एक इंजेक्शन मिळवलं आणि दिलं. सूज उतरली, गोजरा पुन्हा गंगारामाच्या बाहीत जाऊन बसली. निघताना बाईनं बजावलं होतं, पुढच्या वर्षी हे पुन्हा होणार, तेव्हा वेळ न लावता या.

पुढच्या वर्षी वस्तीत एप्रिलातल्या जयंतीच्या पताका लागल्या तेव्हा गोजरा पुन्हा माजावर आलेली होती. ह्या वेळी गंगारामानं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. हे त्यानं कान्हा आजारी असताना केलं होतं, त्यानंतर आताच. टोपली त्यानंच पोटाशी धरली. गिरजाबाईनं ते पाहिलं.

डॉक्टर स्मितानं गोजराला तपासलं आणि ती म्हणाली, "दर वर्षी इंजेक्शनवर भागवणं बरं नाही. मागच्या वेळी मिळालं, ह्या वेळी मिळेलच असं नाही. आपण ऑपरेशन करू. पिशवी काढून टाकली की माजच येणार नाही. सुटेल बिचारी."

 ऑपरेशन हा शब्द त्या नवरा-बायकोत इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तो आता टेबलावर येऊन पडला, आणि गिरजाबाई नवऱ्याकडं बघायचं टाळून गोजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टरीणबाईला काय कल्पना. ती आपली पुस्तकात वाचलेलं कौतुकानं सांगायला लागली. "विलायतेत आणखी एक युक्ती करतात, मावशी. नसबंदी केलेला नर पाळतात. पिल्लं होत नाहीत, पण मादीचा माज उतरतो. आता तसला नर आपण कुठून आणायचा?"

आणि ती मोकळेपणानं हसली. त्याच क्षणी गंगाराम उठला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेला.

गिरजाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं तिनं जे तोंडातून काढलं नव्हतं, ते एका परक्या पोरीनं हसत हसत त्याच्या तोंडावर म्हणावं? तिनं नवऱ्याला मनात हजार वेळा बोलून घेतलं असेल, पण दुसऱ्या कुणी त्याला बोललेलं तिला खपणार नव्हतं. तिनं गोजराला उचलून टोपलीत घातलं.

"बाय, आमच्या घरात एक झालं तेवढं बास झालं. हिच्या पोटाला कोन सुरी लावनार नाय."

"मावशी, अहो ही मरेल."

"मरू दे. पन अशी नाय."

बाहेर गंगाराम कंपाउंडरच्या टेबलाशी उभा होता. तिचं तोंड बघून त्यानं विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. चला."

तो काहीतरी बोलणार होता. तिनं टोपली त्याच्या हातातही दिली नाही, तशीच पुढं चालू लागली. मग तोही मागून निघाला.

घरी आल्यावर गिरजाबाईनं आपलं डोकं चालवलं. उजेडानं माज येतो असं बाईच म्हणाली होती ना, मग अंधारानं उतरेल. तिनं गोजराची पेटी कोपऱ्यात सरकवली, वर दोन गोणपाटं टाकली आणि दाराला जाड चादर लावली. शेवंताबाईनं विचारलं, हे काय नवीन, तर म्हणाली, आमची पोर बाळंतिनीसारखी अंधारात हाय. शेवंताबाई हसली, ही हसली नाही. दोन-चार दिवस तिला वाटलंही, सूज कमी आहे. वाटायचं तेच माणूस बघतो.

गंगाराम संध्याकाळी यायचा, गोणपाट उचलायचा, हात आत घालायचा. गोजरा बोट चाटायची, पण बाहीत चढायची नाही. मग तिच्या शेपटीचे केस गळायला लागले. पाठ विरळ झाली. हिरड्या पांढऱ्या पडल्या, मागचे पाय ओढत चालायला लागली. गंगारामानं एकदाच म्हटलं, "गिरजे, डाक्टरीनबायकडं एकदा…"

"त्या बाईचं नाव काढू नका माज्यासमोर."

त्यानं गोणपाट पुन्हा सारखं केलं. गिरजाबाईला वाटलं, आपण ह्याची लाज राखतोय, हा मनातून आपले उपकार मानत असेल. ती त्या दिवसांत त्याला जरा जास्तच मायेनं वाढायची. बोंबलाचं कालवण करायची, त्याला आवडतं म्हणून. तो अर्धं जेवून उठायचा.

लोकांची पावसाळ्याआधीची आगोटीची खरेदी चालू होती, सुकटीला गिऱ्हाईक थांबत नव्हतं, आणि त्या गर्दीच्या दिवसांतच एका दुपारी गिरजाबाई टोपली रिकामी करून घरी आली, तर गोजरा पेटीत कुशीवर पडलेली. हात लावला तर गार. तिनं गोणपाटं ओढून काढली, चादर ओढून काढली. उन्हाचा लोळ आत आला. त्या उजेडात गोजराच्या उघड्या पोटावर काळेनिळे डाग दिसले. इतके दिवस गिरजाबाईनं अंधारात ते पाहिलेच नव्हते.

गंगाराम आल्यावर दोघांनी गोजराला त्याच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून खाजणाच्या बांधावर पुरलं. पलीकडं मिठागराच्या जागेत भराव पडत होता, डंपर येत-जात होते. गंगारामानं माती ओढली, थापली आणि तिथंच बसून राहिला. खांदे हलायला लागले तेव्हा गिरजाबाईला कळलं, हा रडतोय. कान्हाच्या वेळी तो रडला नव्हता. निदान तिच्यासमोर तरी नाही.

ती शेजारी बसली. वाटलं, आता सांगावं, म्हणजे ह्याला बरं वाटेल. "तुमच्यासाठीच मी सुरीला नाय बोलले. ती बाय तुमाला लागंल असं बोलली. तुमी उठून गेलात, माजं काळीज तुटलं. कुनी तुमची टवाळी केलेली मला बघवली नाय."

गंगारामानं मान वर केली. "कुनी टवाळी केली?"

"ती नराची गोष्ट… तुमी लाजेनं बाहेर गेलात ना."

"लाजेनं?" तो तिच्याकडं बघतच राहिला. "अगं, मी कंपाउंडरला वार विचारायला गेलो होतो. ऑपरेशन कवा करता म्हनून. त्यानं वार धरून ठेवला होता आपल्यासाठी."

 गिरजाबाई म्हणाली, "मग बोलला का नाय? घरी आल्यावर तरी बोलायचं. मी काय खाल्लं असतं तुमाला?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" गंगाराम म्हणाला. "मी, आनि तुला सांगू, ऑपरेशन करू दे म्हनून?"

 कान्हाच्या वेळी एकदा, फक्त एकदा ती ह्या माणसावर ओरडली असती, छाती बडवून, शेजारीपाजारी गोळा होतील अशी भांडली असती, तर ह्याच्या तोंडाला कुलूप लागलं नसतं. आणि गोजरा आज त्याच्या बाहीत असती. एवढं तिला त्या बांधावर लख्ख कळलं, आणि ते पुढं जन्मभर तिच्या मनातून गेलं नाही.

डंपर थांबले. अंधार पडायला लागला तसे दोघं उठले. थोडं चालल्यावर गिरजाबाईनं विचारलं, "कुठला वार दिला होता त्यानं?"

"सोमवार."

"सोमवारी सुकट कोन घेतं," ती म्हणाली. "मी रिकामीच होते."