एका चौकटीचे दोन धनी

माझ्या रागाची ऑफिसात दहशत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या रागाचा हात आहे. मी यवतमाळला, जिल्ह्याच्या मुख्य ऑफिसात अधीक्षक होते. आमच्याकडं तीन पिढ्या हेच काम. माहेरी जेवतानासुद्धा टिपणी आणि शेरा हेच शब्द कानावर पडायचे. आमच्या खात्याचं नाव सांगत नाही. खातं मोठं होतं एवढं पुरे. सोळा तालुक्यांची सोळा ऑफिसं, त्यांच्या हाताखाली गावोगाव फिरणारी माणसं, आणि या सगळ्यांची कपाशीची माहिती एका तक्त्यात मांडून रोज साहेबांपुढं ठेवायची मी.

रोज हे आपलं म्हणायला. मारेगावचा कागद मंगळवारी निघाला तर शुक्रवारी पोचायचा. दारव्ह्याचा एक कागद तर जीपच्या सीटखाली चार दिवस फिरून आला, आणि आला तेव्हा त्याच्यावर कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता. मी तसाच फायलीला लावला. बोंडअळीची ती वर्षं होती. कागद टेबलावर येईपर्यंत अळी पुढच्या गावात गेलेली असायची, आणि आम्ही मागच्या गावाची काळजी करत बसायचो.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी ती ऑनलाइन शीट आणली. तक्ता एकच. सगळ्यांनी एकाच वेळी उघडायचा, आपापल्या गावाच्या ओळीत लिहायचं, आणि लिहिलेलं तिथल्या तिथं सगळ्यांना दिसणार. मी मनात म्हटलं, आला आणखी एक हौशी, वर्षभरात बदली होईल आणि हे लोढणं माझ्या गळ्यात पडेल.

पहिल्या दिवशी सभागृहात पडद्यावर शीट लावली होती. फुलसावंगीच्या ओळीत अचानक एक हिरवी चौकट उमटली; लिहिणाऱ्या प्रत्येकाला शीट वेगळा रंग द्यायची. त्यात १२ आला. पुसला गेला. थोडं थांबून १४ आला. तिकडं कोणीतरी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजत होतं, आणि मोजताना चुकलं होतं, आणि पुन्हा मोजलं होतं. कागदावरची खाडाखोड मी जन्मभर पाहिली, पण खाडाखोड होताना कधी पाहिली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या लिपिकबाईंनी विचारलं, "थंडी वाजून राह्यली का मॅडम?" मी पंख्याकडं बोट दाखवलं.

घरी गेल्यावर, माझ्याकडंच राहणाऱ्या वडिलांना लॅपटॉपवर ती शीट दाखवली. ते निवृत्त मुख्य लिपिक. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. रंगीत चौकटी इकडून तिकडं सरकत होत्या.

"अन् सही कुठी करतात?"

"सही नाही बाबा यात."

"मंग खरं काय ते कसं समजाचं?"

मी लॅपटॉप मिटला.

पहिल्या आठवड्यात जो गोंधळ झाला तो विचारू नका. एका तालुक्याच्या बाबूनं टापटीप म्हणून गावांची नावं अकारविल्हे लावली. नावं हलली, आकडे जागच्या जागी राहिले, आणि अर्ध्या तालुक्याची अळी दुसऱ्याच गावांत गेली. काही जण शीटचा कागद काढायचे, त्यावर गोल शिक्का मारायचे, सही घ्यायचे आणि फोटो काढून मला पाठवायचे. मी चिडले आणि नियम लिहायला बसले. त्यातला मुख्य नियम होता: एका चौकटीचा एकच धनी. गावचा माणूस भरेल, तालुक्याचं ऑफिस तपासेल, आणि दोघांत वाद झाला तर तालुक्याचा शब्द शेवटचा, गावच्या माणसानं फक्त बघायचं. कोणाला लिहू द्यायचं आणि कोणाला नुसतं बघू द्यायचं, ती कळ माझ्या हातात. शीटवर माझ्या नावापुढं 'मालक' असं यायचं. सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला ते वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दोन गोष्टी मात्र नियमांनी सुटल्या नाहीत.

एक म्हणजे, साहेब शीटमध्ये आले की सगळे बाहेर पडायचे. वर कोपऱ्यात साहेबांच्या नावाचा गोल दिसला रे दिसला की चौकटी पटापट विझायच्या. साहेब म्हणायचे, मी बघतो तेव्हा कोणी कामच करत नसतं. मी एकाला फोन करून विचारलं, बाबा रे, काहून पळता? तो म्हणाला, "मॅडम, साहेब आल्यावर आमी बसून कसे राहू?" ते शीटमध्ये उठून उभे राहत होते! मी परिपत्रक काढलं की साहेब आल्यावर कोणी बाहेर पडू नये. त्यानंतर ते बाहेर पडेनात, पण लिहायचेही थांबायचे. चौकटी जिथल्या तिथं ताटकळत राहायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे निरंक. ज्यांनी सरकारी कागद पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: कळवण्यासारखं काही नसेल तर रकान्यात निरंक लिहितात. आमच्या तालुक्यांनी सोय अशी काढली होती की सकाळी दहाला ऑफिस उघडलं की आधी सगळीकडं निरंक भरून टाकायचं, मग लागेल तसं बदलायचं. मारेगावचे लिपिक माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचे, सज्जन माणूस. त्यांनीच मला कारण सांगितलं होतं. "मॅडम, खाली ठेवलं तं तुमचा फोन येते. निरंक लिहिलं तं येत नाही."

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन आत शिरलेला मजूर बाहेरून दिसायचा नाही, फक्त पानं हलताना दिसायची. औषध वर मारायचं आणि तेच अंगावर यायचं. माणसं आजारी पडू लागल्याच्या बातम्या कानावर आल्या, तेव्हा साहेबांनी शीटमध्ये एक रकाना वाढवला: फवारणीबाधित. जिथं आकडा दिसेल तिथं डॉक्टर आणि गाडी पाठवायची असं ठरलं होतं. पण तालुक्यांना त्या रकान्याची भीती वाटायची. आजाऱ्यांचा आकडा दवाखान्यानं द्यावा, आपण कायले द्यायचा, असा त्यांचा सूर. तीन आठवडे तो रकाना वरपासून खालपर्यंत निरंक होता.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी शीट उघडून बसले होते. साहेब त्यांच्या खोलीतून आत आले, त्यांचा गोल वर दिसला, आणि नेहमीप्रमाणे सगळे थबकले. एक जांभळी चौकट मात्र थांबली नाही. मारेगावकडच्या एका गावाची ओळ होती. त्या गावची कर्मचारी बाई मी कधी पाहिलेली नव्हती, जांभळा रंग तेवढा ओळखीचा. तिनं फवारणीबाधितच्या रकान्यातलं निरंक पुसून ३ लिहिलं.

मिनिटभरात त्याच चौकटीत मारेगावच्या लिपिकांचा पिवळा रंग आला. निरंक.

पुन्हा जांभळा. ३.

निरंक.

४.

मी खुर्ची पुढं ओढली. बत्तीस वर्षं मी या खात्यात कागदांवर काम केलं. वरचा आणि खालचा यांच्यात काय होतं ते मला ठाऊक होतं, पण ते नेहमी बंद दाराआड व्हायचं आणि माझ्यापर्यंत फक्त निकाल यायचा, सुवाच्य अक्षरात. इथं ते भर सभेत चाललं होतं. सोळा तालुके तोंडात बोट घालून बघत होते, साहेब बघत होते, मी बघत होते. खरं सांगते, देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकला की जसं वाटतं, तसं मला वाटलं.

निरंक. आणि मग ५.

फोन वाजला. मारेगावचे लिपिक होते, घाबरेघुबरे. "मॅडम, ते बाई ऐकूनच नाही राह्यली. तपासल्याबिगर आकडे टाकून राह्यली. मी फोन करतो तं उचलत नाही. साहेब आतमंदी हायेत, सारे पाहून राह्यले, आमची काय इज्जत राह्यली? तुमचाच नियम हाये, तिची परवानगी काढा."

नियम माझाच होता. आणि भर शीटमध्ये चाललेल्या त्या झटापटीनं माझं डोकंही तापलं होतं. शिस्त म्हणून काही आहे की नाही! मी तिच्या नावापुढची कळ दाबली. तिचं लिहिणं बंद झालं. पिवळ्या रंगानं शेवटचं निरंक लिहिलं आणि रकाना पुन्हा सरळ, स्वच्छ दिसू लागला.

मी चहा मागवला. चहा आला. मी वर पाहिलं, तर बघणाऱ्यांच्या ओळीत तिचा जांभळा गोल अजून होता. लिहिता येत नव्हतं, तरी ती गेली नव्हती.

त्या गोलानं मला काही सुचू देईना. त्या शीटला एक सोय होती, कुठल्याही चौकटीत आधी कोणी काय लिहिलं ते एकामागून एक बघता यायचं. मी सहज बघायला लागले. निरंक, ३, निरंक, ३, निरंक, ४, निरंक, ५, निरंक. मी पुन्हा एकदा बघितलं, आणि कप बाजूला सरकवला. निरंक दर वेळी तेच होतं. तिचा आकडा वाढत होता. हट्टाला पेटलेलं माणूस तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहील. ही मोजत होती. फोन का उचलत नव्हती तेही मला तेव्हा कळलं: त्याच फोनवर ती लिहीत होती.

मी कळ परत फिरवली. तिला लिहायला दिलं आणि मारेगावच्या ऑफिसला नुसतं बघायला. माझा नियम मीच उलटा केला, आणि तो पुन्हा कधी सुलटा केला नाही. जांभळी चौकट लगेच उमटली, जणू बोट तिथंच टेकलेलं होतं. ६.

मी साहेबांच्या खोलीकडं पळाले. सत्तावन्न वर्षांची बाई व्हरांड्यातून पळताना पाहून शिपाई उठून उभे राहिले. साहेब फोनवरच होते. तालुक्याच्या दवाखान्यातून गाडी सोडायला सांगत होते. "आकडा पुसला गेला म्हणून थांबलो होतो, वाटलं चूक झाली असेल. आत्ता सहा दिसले," ते मला म्हणाले. मी मान खाली घातली.

सहाही माणसं वाचली. एका मजुराला जिल्ह्याला आणावं लागलं. त्याला दिसेनासं झालं होतं, ते चार दिवसांनी दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

त्या थोड्या उशिरावर मी फार दिवस अडकून पडले. शीटच्या इतिहासात तिचा ५ आहे, नंतरचं निरंक आहे, आणि मग थेट ६. मधे नऊ मिनिटं. कोणी किती वाजता काय लिहिलं ते सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे, पण कोणी कोणाचा हात धरला ते नाही. माझं नाव त्या चौकटीत कुठंच नाही. एवढी लख्ख गोष्ट, आणि तिच्यातही लपायला एक जागा सापडली ती मला, मालकाला. वडिलांचा प्रश्न मला तेव्हा नीट समजला. सही असती तर त्या नऊ मिनिटांखाली माझी असती.

निवृत्तीच्या आधी शेवटची तालुकावार बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत मी हजेरीपत्रकावरून त्या बाईला शोधलं. लहानखुरी, माझ्या मुलीच्या वयाची. स्टीलचा डबा घेऊन खिडकीपाशी बसली होती. मी ओळख दिली तशी ती झटकन उठून उभी राहिली. मी तिला खाली बसवलं आणि घोटून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं, की त्या दिवशी तुझी परवानगी काढली ती मी, तालुक्यानं नाही, आणि मला माफ कर.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मले समजलंच होतं मॅडम. ते कळ तुमच्याचपाशी राह्यते ना."

"मग राग नाही आला?"

"नाई जी. त्याच्या आधी मी तीन खेपा कागदावर लिहून देल्लं होतं, कोणाचा फोन नाही, काही नाही. त्या दिवशी लिहिता लिहिता माझा हात बंद पडला अन् मले इतकं बरं वाटलं मॅडम! म्हटलं, चला, कोणीतरी वाचून राह्यलं."