बाबांचा नीट फोटो

बाबांचा फोटो हललेला आहे आणि तो मी काढलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर होईल.

कराडला बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं ते करायचे, पण गावात त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. घरात कोणी गेलं की लोक लग्नातला एखादा जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे. गेलेला माणूस त्यात मागच्या रांगेत, अर्धा कुणाच्या तरी फेट्याआड. बाबा तेवढाच चेहरा मोठा करायचे, बारीक ब्रशनं भुवया, मिशी, कुंकू जागेवर आणायचे आणि हार घालण्याजोगा फोटो तयार करून द्यायचे. माणसं तो छातीशी धरून न्यायची. ती गेली की बाबा आईवर चिडायचे, "जिवंतपणी एक नीट फोटो काढून घ्यायला यांचं काय जातं?" आईचा यात काडीचाही दोष नसायचा. कुणावरचा राग कुणावर काढायचा ही कला माझ्याकडे त्यांच्याकडूनच आली.

आईचा तसा फोटो मात्र त्यांनी वेळेवर काढून ठेवला होता. गच्चीवर, उन्हं कलल्यावर, एकशेऐंशी मिलिमीटरच्या लेन्सनं. ही लेन्स रुंद फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याची, लांबचं जवळ आणणारी, वजनाला दीड किलोच्या आसपास. बनलेली मी आता राहते त्या जर्मनीतलीच, पूर्वेकडच्या येना गावात. आई गेली तेव्हा तो फोटो भिंतीवर लागला आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच थबकला. आई आता काहीतरी बोलेल असं त्यात वाटतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे हायडेलबर्गला आले. मी जवळच्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, एकटीच राहते. त्यांनी हातातल्या बॅगेत दोन बनियनांमध्ये गुंडाळून ती लेन्स आणली होती. जुन्या कॅमेऱ्याचं शटर केव्हाच निकामी झालं होतं, पण लेन्स त्यांनी विकली नव्हती. "तुझ्या कॅमेऱ्याला लागते का बघ," म्हणाले. मी अडॅप्टर मागवला, धातूची एक जाड कडी. लेन्स बसली. पण कॅमेरा म्हणाला, लेन्स लावलेली नाही.

बाबा पोट धरून हसले. "एवढं धूड नाकासमोर आहे आणि याला दिसत नाही?"

खरंच दिसत नव्हतं. जुन्या लेन्सला तारा नाहीत, चिप नाही. ती आपण कोण ते कॅमेऱ्याला सांगू शकत नाही. मेनूत शिरून कॅमेऱ्याला समजवावं लागतं की बाबा रे, लेन्स नसली तरी फोटो काढ. फोकस हातानं, प्रकाश कमी-जास्त करणं हातानं. बाबा दिवसभर बाल्कनीतून समोरच्या छपरावरच्या कबुतरांवर फोकस करत बसायचे. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच इतकं रमलेलं पाहिलं.

परत जायला आठ दिवस उरले असताना चहा पिता पिता ते म्हणाले, "माझा एक नीट फोटो काढ. त्या फोटोसाठी."

कोणता फोटो ते मला लगेच कळलं आणि माझं डोकं फिरलं. "बाबा, असलं अभद्र बोलायचं नाही हं माझ्या घरात."

"अभद्र काय त्यात? जन्मभर लोकांना हेच सांगत आलो. तुझ्या आईशेजारी लागणार आहे, जरा बरा असू दे."

रविवारी संध्याकाळी आम्ही नेकार नदीच्या काठी गेलो. बाबांनी स्वतः इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. बाकावर बसले, कॉलर नीट केली आणि विचारलं, "स्टँड आणलास ना?"

"स्टँड नाही लागत आता. कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन असतं. हाताची थरथर तो आतल्या आत खाऊन टाकतो. चला, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा."

"लांबच्या लेन्सला स्टँड लागतोच."

"अहो बाबा, फिल्मच्या जमान्यात लागायचा!"

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्या स्टुडिओत गिऱ्हाईक बसायचं तसे बसून राहिले. मग हसले, अगदी थोडं, ओठांच्या एका कडेनं. मी पटापट नऊ फोटो काढले.

"आता तू बस," ते म्हणाले. बाकाच्या पाठीवर त्यांनी आपला मफलर घडी करून ठेवला, त्यावर लेन्स टेकवली आणि फोकस करत राहिले. समोर गवतावर बसून मी वैतागले होते. दहा मिनिटांत बस होती. "बाबा, झालं का? आज काढणार का उद्या?" त्यांनी श्वास रोखला, एकदाच बटण दाबलं आणि उठले. दुसरा काढायची त्यांना सवयच नव्हती.

मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला. "मोठा करून दाखव की."

"घरी मोठ्या स्क्रीनवर बघू. बस चुकेल."

घरी आल्यावर ऑफिसचा कॉल आला. मग बॅगा भरायच्या होत्या, मग चॉकलेटं आणायची होती, मग बाबा गेले. जाताना लेन्स माझ्या कपाटात ठेवून गेले. फोनवर त्यांनी दोनदा विचारलं, "फोटो बघितलास का गं?" दोन्ही वेळा मी म्हणाले, बघते, एवढा रिलीज संपू दे.

नोव्हेंबरात एका सकाळी दादाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. फ्रँकफर्टच्या विमानतळावर मी विमानाची वाट बघत बसले होते तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. "तू तिकडे बाबांचा फोटो काढलायस ना? ते सारखे सांगायचे सगळ्यांना. तो पाठव, फ्रेमला टाकतो."

मी लॅपटॉप उघडला, पहिला फोटो मोठा केला. दुसरा केला. तिसरा. नऊच्या नऊ हललेले. चष्म्याच्या काड्या दुहेरी, डोळ्यांना दोन-दोन कडा. ते हसू होतं, पण धुक्यात गेल्यासारखं.

का झालं ते मला तिथंच कळलं. आपली लेन्स किती मिलिमीटरची आहे हे जुन्या लेन्सच्या बाबतीत कॅमेऱ्याला हातानं सांगावं लागतं. त्या हिशेबानंच तो थरथर सावरतो. त्याआधी मी एक छोटी जुनी लेन्स वापरत होते. कॅमेऱ्यातला आकडा तिच्याच पन्नासवर राहिला होता. एकशेऐंशीची थरथर कॅमेरा पन्नासच्या मापानं सावरत होता, आणि मी बाबांना जमाना बदलल्याचं सांगत होते.

त्या गर्दीत मी मोठ्यानं रडले. बाबा गेले म्हणून, आणि त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट मी बिघडवली म्हणूनही. असा बिघडलेला चेहरा दुरुस्त करणारा एकच माणूस मला माहीत होता.

शेवटी व्हिसाच्या फोल्डरमध्ये होता तो फोटो दादाला पाठवला. पांढरी भिंत, समोर नजर, चष्मा नाही, हसू नाही. तो काढायला जाण्याआधी मीच त्यांना नियम लिहून पाठवले होते: बाबा, हसायचं नाही, नाहीतर परत पाठवतील. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं. तेराव्याला त्या फोटोला हार घातला. आता तो आईशेजारी आहे. आई काहीतरी बोलायच्या बेतात आणि शेजारी बाबा, कुठल्या तरी खिडकीपाशी नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे.

परत आल्यावर कित्येक दिवस मी त्या फोटोंचं फोल्डर उघडलं नाही. मार्चमध्ये उघडलं, नऊ फोटो पुन्हा पाहिले, आणि मग दहावा. तो बाबांनी काढलेला.

आकडा तेव्हाही पन्नासच होता. पण मफलर होता, रोखलेला श्वास होता. पापणीचा केस न् केस मोजता येतो. मागची नदी विरघळून गेली आहे, उजेड गालावरून खाली उतरतो आहे. मी त्यांच्यावर करवादते आहे, तोंड अर्धं उघडं, आता काहीतरी बोलेन अशी. आईच्या फोटोसारखीच.

बाबा लोकांना सांगायचे तसा, जिवंतपणी काढलेला, एक नीट फोटो. माझा तयार आहे.