मौद्याचा एक वाचक

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पेपरात पत्रं लिहायला लागले. वाचकांच्या पत्रांच्या रकान्यात ती छापून यायची, पण खाली नाव माझं नसायचं.

त्याला कारण बाबा. ते टपालखात्यात होते, छाटणीच्या कामावर. आठ तास कपाटासमोर उभं राहून गावोगावची पत्रं ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायची, हे त्यांचं काम. सरकारी नोकरी म्हणून त्यांनी घरात एकच नियम घालून दिला होता. "आपल्या घरातल्या कोणाचं नाव पेपरात यायले नको. चांगलं नाही अन् वाईट नाही."

माझी तक्रार मात्र खरी होती. रामदासपेठेतल्या आमच्या कॉलेजात मुलींच्या सायकल स्टँडवर छप्पर नव्हतं. एप्रिलच्या दुपारी परीक्षेचा पेपर सुटला की सीट इतकी तापलेली असायची, की आम्ही ओला रुमाल टाकूनच सायकलवर बसायचो. प्राचार्यांना सांगून झालं होतं. मग मला मावशी आठवली.

मावशी मौद्याला होती. मावसाजी दर बुधवारी मिरच्या घेऊन नागपूरच्या बाजारात यायचे आणि आमच्याकडे जेवून परत जायचे. त्यांच्या रिकाम्या डब्यात चिवडा भरून द्यायचं काम माझं. चिवड्याखाली मी घडी केलेलं पत्र ठेवायची. मावशी ते आपल्या गोल गोल अक्षरात उतरवून, आपल्या नावानं मौद्याच्या डाकेत टाकायची. नाव छापू नये, अशी विनंती खाली असायची. त्यामुळे पेपरात यायचं, 'एक वाचक, मौदा'. हस्ताक्षर तिचं, शिक्का मौद्याचा, मी कुठेच नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

फक्त मावशी गप्प बसणारी नव्हती. तिसऱ्या पत्रात सायकल स्टँडच्या मजकुराखाली तिनं स्वतःच्या दोन ओळी घुसवल्या, की मौद्याच्या बस थांब्यावर बायांना बसायला साधी फळीसुद्धा नाही. ते वाचून मी तिला चिठ्ठी पाठवली, 'हे काहून लिहिलं?' उत्तर आलं, 'पत्राले तिकीट माझं लागून राहिलं वं. दोन ओळी मलेही पाहिजेत.'

बाबा रोज सकाळी चहा घेताना पेपर मोठ्यानं वाचायचे. मौद्याच्या वाचकाची पत्रं ते विशेष रंगून वाचत. "काय लिहिते गा हा माणूस!" म्हणत. मी कपात तोंड घालून बसायची. जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा स्टँडवर नवे कोरे पत्रे चढलेले होते. आम्ही मैत्रिणींनी त्या दिवशी समोसे खाल्ले.

त्याच आठवड्यात बाबांनी मला अंगणात बोलावलं. आई आत होती. त्यांच्या हातात चारही पत्रांची कात्रणं होती.

"पत्र्याचं काम झालं न तुझं?"

मी दोन पावलं मागे सरकले.

"घाबरून काहून राहिली? बस. मी सांगतो," ते म्हणाले आणि खानेवार मांडल्यासारखं सांगायला लागले. "मौद्याच्या माणसाले रामदासपेठच्या स्टँडची तिसरी रांग उन्हात येते हे कसं माहीत? हे एक. पत्र छापून येते ते दर वेळी शनिवारी. तुझे मावसाजी येतात बुधवारी. हे दुसरं. अन् प्रत्येक पत्रात 'निदान एवढं तरी करा' आहे. घरात हे दिवसातून दहा वेळा कोण म्हणते?"

"बाबा, तुम्हाले केव्हापासून माहीत आहे?"

"दुसऱ्या पत्रापासून. शिक्का कुठचाही मार, लिहिणाऱ्याच्या सवयी त्याच्यासोबतच जातात."

आता नियम, आता ओरडा, म्हणून मी वाट पाहत होते. बाबांनी खिशातून एक कागद काढला. तीन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"पुढच्या बुधवारी हेही डब्यात टाकशील?" ते हळूच म्हणाले.

तेव्हा पिनकोड नुकताच आला होता आणि कोणीच तो लिहीत नव्हतं. लोक पाकिटावर 'पिंपळाच्या झाडासमोर, नागपूर' एवढंच लिहायचे. वीस वर्षांचा तो राग बाबांनी त्या तीन पानांत ओतला होता. मी वाचत गेले तशी मला हसू आवरेना. तेही हसले. मी पत्र अर्ध्यावर आणलं, मावशीनं उतरवलं, आणि पेपरात ते चौकटीत छापून आलं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, बाबांच्या शेजारच्या कपाटावर काम करणारे काका आमच्या दारात सायकल टेकवून उभे राहिले. हातात पेपर.

"काय गा," ते बाबांना म्हणाले, "मौद्याच्या वाचकाले आपल्या कपाटात खाने किती आहेत हे कोणी सांगितलं? अन् 'पिंपळाच्या झाडासमोर' हे तर तू रोज जेवताना ऐकवतोस!"

बाबांचे कान लाल झाले. दुसऱ्याचा माग एवढ्या शिताफीनं काढणारा माणूस स्वतःच्याच ओळीत सापडला होता.

"साहेबांले समजलं काय?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काल तू घरी गेल्यावर साहेबांनीच भिंतीवर चिकटवलं. लिहिणारा कोण, ते विचारत नाहीत म्हणाले. पण तुझ्या कपाटाकडे पाहून हसून राहिले होते."

आवाज ऐकून आई बाहेर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे माझ्याच चिवड्यातून एवढी डाक जाऊन राहिली, अन् मलेच पत्ता नाही?"

मग काकांनी हट्टच धरला, की पत्र लिहिणाऱ्यानंच वाचून दाखवायचं. बाबा नको नको म्हणाले, पण आईनंही खुर्ची ओढली. शेवटी ते उठले, चष्मा पुसला आणि अंगणात उभं राहून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. इतक्या खणखणीत आवाजात, की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.